बिनवासाचा अत्तार

साखरखेर्ड्याच्या बाजारगल्लीत एक अत्तार होते आणि त्यांना वास येत नसे.

गावाला हे ठाऊक होते. बाहेरून आलेला माणूस मात्र चक्रावून जाई. दुकानाच्या फळीपाशी उभे राहिले की ओवा, सुंठ, कापूर, हिंग, हिना, केवडा हे सगळे एकदमच अंगावर येत, आणि त्यांच्या मधोमध हे वृद्ध गृहस्थ डोहाच्या तळाशी बसल्यासारखे शांत बसलेले असत. मोठ्या तापाची साथ आली त्या साली त्यांचा वास गेला. ताप उतरला, वास काही परतला नाही. याचे दुःख त्यांनी केले असेल तर ते मी त्या गावच्या शाळेवर मास्तर म्हणून जाण्यापूर्वी. माझ्या काळात ते त्याची थट्टाच करत. "लोकाइचं नाक गेलं तं ते तोंड लपवतात," ते म्हणत, "माहं गेलं तं मी दुकान मांडून बसलो."

सारे गाव त्यांना चाचा म्हणे. मीही चाचाच म्हणत असे.

अत्तर विकण्याची त्यांची रीत अशी होती. कुपीचे बूच काढून ती गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायची आणि आपण त्याच्या तोंडाकडे पाहायचे. भुवया वर गेल्या की केवडा. डोळे मिटले की हिना. आणि माणूस उभ्या उभ्या क्षणभर कुठेतरी निघून गेला, की समजायचे खस. ते कुपीवर कधी चिठ्ठी चिकटवत नसत. "चिठ्ठी खोटं बोलू शकते, तोंड नाही," असे त्यांचे म्हणणे. एकदा डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले होते. मी त्यांना बाजारातून नेत होतो, तेव्हा चाचांनी फळीवरून वाकून सलाम केला आणि मोठ्या अदबीने एक कुपी त्यांच्यापुढे धरली. साहेबांचे तोंड आंबट झाले. "हे गेलं," चाचा समाधानाने म्हणाले आणि कुपी मागच्या फळीवर टाकून दिली. साहेबांना आपला मान झाला असे वाटले. शाळेबरोबर त्यांनी त्या दिवशी एक बिघडलेले गुलाबाचे अत्तरही तपासून दिले होते.

पण अत्तर हा त्यांचा दाखवायचा धंदा. त्यांचा खरा जीव गुंतला होता तो लहान मुलांच्या जंतांत. पोटातले मोठे जंत नव्हेत. ते बारीक, पांढरे, सुताच्या तुकड्यासारखे, जे दिवसा मुलांना विसरतात आणि रात्री अंथरुणात त्यांना छळतात. या विषयावर चारचौघांत कोणी बोलत नसे. बायका पदर तोंडाला लावत, पुरुष आढ्याकडे पाहत. चाचा मात्र भर बाजारात, कोणी कपाशीच्या पिकाविषयी बोलावे तसे त्यावर बोलत. "मले वास येत नाही, म्हणून किळसबी येत नाही," ते म्हणत. "अल्लानं एक नेलं, दुसरं सोपं केलं."

लहान मूल समोर आले की ते त्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहत. माणसांची तोंडे वाचणारे ते, पण मुलांची नखे वाचत. बाजाराच्या दिवशी ते एका न्हाव्याला आपल्या पायरीवर बसवून ठेवत. जो पोरगा नखे काढून घेईल त्याला चघळायला जेष्ठमधाची काडी मिळे. त्यावरून गावात कुरबूर होई. सोमवारी नखे काढू नयेत, मंगळवारी काढू नयेत, शनिवारी तर मुळीच नाही, एकादशीला नाही, अमावास्येला नाही, दिवे लागल्यावर नाही, बाप गावाला गेला असेल तर नाही. चाचा हे सगळे बोटांवर मोजून ऐकून घेत. मग विचारत, "मंग काढता कवा? नवरदेव घोड्यावर बसल्यावर?"

आणि त्यांचा मोठा हट्ट म्हणजे ताटांचा. कोणी बाई येऊन सांगे, की पोरगा रात्री कुरकुर करतो, काही द्या. चाचा पोराचे वय विचारत नसत. विचारत, "घरात ताटं किती?" सात ताटे असतील तर सात जणांची पुडी. एकट्या पोराला औषध ते देतच नसत. कापसाच्या एका दलालाची बायको एकदा गडीमाणसांसमोर त्यांच्यावर उखडली होती.

"किडे पोराले झाले, मी काऊन खाऊ तुमचं वावडिंग? मी काय पोर हाय?"

"पोर नाही, बाई. पर पोराले घास कोन भरवते?"

"मीच भरवते! दुसऱ्याच्या हातचं खाते का थो?"

"तेच तं," चाचा म्हणाले. "तुमच्या हातचं त्याले लई गोड लागते. म्हणून तं पुडी तुमालेबी."

बाई तणतणत गेली. संध्याकाळी गडी येऊन नऊ ताटांची पुडी घेऊन गेला.

चाचा गेल्याचे मला फार उशिरा कळले. तोवर माझी बदली मलकापूरकडे झाली होती, आणि बातमी सांगणारा माणूस ती दुसऱ्याच कुठल्या बोलण्याच्या ओघात सांगून गेला. त्या दिवसापासून हे लिहायचे मनात होते. पण त्यांच्याविषयी लिहायचे तर मला माझ्या घरातले लिहावे लागते, आणि ते मी लांबवत आलो.

साखरखेर्ड्याला असतानाच, एका माघात, माझी बायको गेली. तीन दिवसांचा ताप. मागे मी आणि आमची चार वर्षांची शकू. रोहिणखेडहून माझ्या सासूबाई आल्या त्या राहिल्या. तिकडे त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता, वांग्या-मिरच्यांना पाणी द्यायला माणूस नव्हता, तरी राहिल्या. आम्ही दोघे एकमेकांशी फार बोलत नसू. ज्या माणसामुळे आमचे नाते होते ते माणूस गेले होते, आणि ते पुन्हा कुठून सुरू करावे हे दोघांनाही कळत नव्हते.

फाल्गुन सरता सरता शकू रात्री उठू लागली. झोप लागून तास-दीड तास झाला की ती तळमळे. पाय पोटाशी ओढी, अंथरुणाला अंग घाशी, कराकरा दात खाई, आणि मग डोळे न उघडताच रडत रडत म्हणे, "आई चावते." रोज तेच दोन शब्द. "आई चावते, आई चावते." थोड्या वेळाने थकून झोपे. सकाळी विचारले तर तिला त्यातले काहीच आठवत नसे.

पहिल्या रात्री ते ऐकून सासूबाईंनी शकूला ओढून पोटाशी धरले.

"माही लेक येते," त्या म्हणाल्या. "पोरीत जीव राह्यला तिचा. ते नेईल पोरीले, जवाईबापू."

त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, दारावर बिबा बांधला, तिठ्यावर उतारा ठेवून आल्या. काही उपयोग झाला नाही. चैत्र लागला, अक्षय्य तृतीया महिन्यावर आली, तसा त्यांनी आपला विचार मला सांगितला.

"आखाजीले तिच्या नावाची घागर भरू. दुसऱ्या दिवशी मी पोरीले रोहिणखेडले घेऊन जाईन. जागा बदलली म्हंजे मायची वाट चुकंल."

"मग परत कधी आणाल?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होते. एकट्या पुरुषाने मुलगी वाढवावी हे तेव्हा कोणाच्या मनात येत नसे. शकू एकदा गेली असती तर मला ती सणासुदीला, पाहुण्यासारखी दिसली असती.

मी शिकलेला माणूस होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि वर्गात मुलांना मी तसे ठासून सांगत असे. तरी खरे लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे, की मी त्या रात्रींची वाट पाहू लागलो होतो. दिवसा घर नुसते घर असे. रात्री कंदिलाची वात अगदी बारीक करून मी शकूच्या उशाशी बसे. दाराच्या फटीतून चांदण्याची एक पट्टी आत येई आणि हळूहळू भिंतीवर चढे. बाहेर लिंबाचा मोहर गळत असे, त्याचा कडसर गोड वास घरभर फिरे. मग शकू कूस बदली, पाय ओढी, आणि माझ्या मनात येई, आली. मी अंधाराकडे पाहून हलकेच बायकोचे नाव घेई. उत्तर म्हणून शकू रडे. मला ते उत्तर पुरेसे वाटे. लेक रडत होती आणि बापाला सोबत मिळत होती. यातले वाईट मला त्या वेळी दिसले नाही.

चाचांकडे मी गेलो तो शाळेच्या शाईसाठी हिराकस आणायला. पुडी बांधता बांधता त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले.

"मास्तरसाब, झोप नाही लागून राह्यली?"

कोणाला सांगायचे नाही असे ठरवले होते ते मी सगळे सांगून टाकले. सासूबाईंचे म्हणणे सांगितले, आखाजीचे सांगितले. ते पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत ऐकत राहिले.

"पोरगी काय म्हणते? जसंच्या तसं सांगा."

"आई चावते, म्हणते."

"आई चावते," त्यांनी म्हणून पाहिले. मग पुन्हा म्हटले, या वेळी मध्ये थांबून. "आई... चावते." आणि त्यांनी दोरा सोडून दिला. "मास्तरसाब, पोरगी मायले सांगून राह्यली. मायचं सांगून नाही राह्यली."

मला क्षणभर कळलेच नाही.

"तिले काहीतरी चावते. लेकरू मायले हाक मारते आन सांगते, आई, चावते. तुमी दोघं मोठे मानसं, तुमी मायलेच चोर केलं!" ते हसले नाहीत. "तुमी पोराइले काय शिकवता हो शाळेत?"

मी चौथीला विरामचिन्हे शिकवत होतो. हाक मारलेल्या नावापुढे स्वल्पविराम द्यावा, नाहीतर अर्थ बिघडतो, हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दाखवले होते.

चाचांनी सांगितले, की पोरगी झोपली की तासाभराने कंदील मोठा करून पाहा, लाज धरू नका, बाप आहात. पांढऱ्या सुताचे तुकडे दिसतील, हलणारे. दिसले तर या. नाही दिसले तर तुमच्या सासूबाई म्हणतात ते खरे, मग माझे काम नाही.

मी तीन रात्री कंदील मोठा केला नाही.

पहिल्या रात्री मी स्वतःला सांगितले की शकूची झोपमोड होईल. दुसऱ्या रात्री तेल कमी आहे असे सांगितले. तिसऱ्या रात्री काही सांगितले नाही. नुसता बसून राहिलो. चौथ्या रात्री शकूने ओठ इतके चावले की उशीवर रक्ताचा ठिपका पडला. मग मी वात वर केली आणि पाहिले. चाचांनी सांगितले तसेच होते. दोऱ्याचे तीन-चार तुकडे, केसाहून थोडे जाड, उजेडात हळूहळू वळवळणारे. इतके दिवस मी ज्यांना नावाने हाक मारत होतो ते हे होते.

मला हसू आले. ते थांबेना. सासूबाई जाग्या होऊन "काय झालं, काय झालं" असे विचारू लागल्या, आणि मी तोंडावर हात धरून नुसता कंदिलाकडे बोट दाखवत राहिलो. त्यांनी वाकून पाहिले. पाहिले आणि जागेवर जाऊन पडल्या, भिंतीकडे तोंड करून.

सकाळी चाचांनी विचारले, "ताटं किती?"

"तीन."

वावडिंगाची पूड गुळात कालवून तीन गोळ्या झाल्या. बाकीचे त्यांनी पाठ करून घेतल्यासारखे सांगितले. नखे मुळापाशी काढायची. रात्री घट्ट लंगोट बांधायचा, खोबरेल लावायचे. सकाळी उठल्या उठल्या, कशालाही हात लावायच्या आधी, ऊन पाण्याने धुवायचे. अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळे उकळत्या पाण्यातून काढायचे. आणि पंधरा दिवसांनी गोळी पुन्हा. "उवाइच्या लिखा अस्तात, तशा याइच्याबी लिखा अस्तात. आजची गोळी जित्याले मारते, लिखाइले नाही. पोरगं खाजवते, लिखा नखात जातात, नख तोंडात जाते. झालं, पुन्हा पहिल्यापासून."

सासूबाईंनी गोळीकडे पाहिले.

"मले काऊन?"

"भाकरी कोण थापतं, असं त्यांनी विचारलंय."

मग "मेल्यानं माह्या हाताले नाव ठेवलं," असे पुटपुटत त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि गोळी खाल्ली. मीही खाल्ली. शकूने गूळ म्हणून आणखी मागितली.

त्यानंतर शकू दहा रात्री झोपली. रडणे नाही, दात खाणे नाही. मी मात्र जागा असे. घर फार मोठे वाटे. चांदण्याची पट्टी भिंतीवर चढे आणि उतरे, आणि त्यात कोणी येत नसे.

अकराव्या रात्री शकू पुन्हा उठली. "आई चावते."

आखाजीला पाच दिवस होते. सासूबाई अंधारात उठून बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, एक प्रकारचा विजय होता, आणि तो ऐकून मला त्यांची कीव आली.

"पाहा. तुमचे किडे मेले. माही लेक येऊनच राह्यली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शकूचे परकर घडी करून गाठोड्यात ठेवले.

मी भर दुपारी चाचांकडे गेलो. बाजार ओस होता, फळीवर माश्या होत्या. ते मला पाहून म्हणाले, "काय धुतलं नाही?"

"सगळं धुतलं."

"सगळं?"

मी मान हलवली. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. वास येत नसलेल्या माणसापुढे खोटे बोलणे किती अवघड असते हे मला तेव्हा कळले.

"जे धुतलं नाही ते घेऊन या," ते म्हणाले.

ती गोधडी होती. बायकोच्या दोन जुन्या लुगड्यांची, तिनेच शिवलेली. ती गेल्यापासून मी तिला पाणी लागू दिले नव्हते. दिवसा माझ्या पुस्तकांच्या पेटीत बंद ठेवी, रात्री शकूच्या खाली अंथरी. सासूबाई अंथरूण उकळायला काढत होत्या तेव्हाही पेटीला कुलूप होते. माझ्या मनात एवढेच होते, की मुलीला आईची ऊब राहावी. निदान मुलीचे नाव मी पुढे करत होतो. रोज पहाटे पेटीत ठेवण्याआधी मीच तिच्यात तोंड खुपसत असे.

मी ती घडी करून धोतराच्या सोग्याखाली झाकून आणली आणि फळीवर ठेवली.

"हुंगा," चाचा म्हणाले.

"इथे?"

"इथंच."

मी गोधडी उचलून तोंडाशी नेली. खोबरेल, शिकेकाई, चुलीचा धूर, ज्वारीचे पीठ, आणि या सगळ्यांच्या खाली जे असते आणि ज्याला शब्द नाही ते. ते माझ्याकडे पाहत होते, कुपी धरून गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे. मग त्यांनी मान खाली घातली.

"लई हाय अजून," ते म्हणाले.

रस्त्यावरून एक बैलगाडी रिकामी गेली.

"मी तुमाले धू म्हणत नाही," ते शेवटी म्हणाले. "पर याच्यात तिचा वास हाय तशा लिखाबी हायत. पोरीले वास भेटत नाही, मास्तरसाब. तिले फक्त लिखा भेटतात. पोरगी रातभर रडंल, आखाजी झाली की जाईल. मंग गोधडी तुमच्यापाशी राहील. एक ठेवा."

दुकानामागे त्यांचे छोटेसे अंगण होते. तिथे काढे उकळायची तांब्याची मोठी हंडी होती. चूल त्यांनी पेटवली. "मी टाकू का तुमी टाकता?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, मी टाकतो.

गोधडी पहिल्यांदा बुडायला तयार होईना. तिच्यात हवा भरली आणि ती पाण्यावर फुगून आली. मी काठीने तिला खाली दाबले. मग पाणी खदखदू लागले आणि वाफ वर आली, आणि त्या वाफेत ती आली. माघापासून इतकी जवळ ती कधीच आली नव्हती. दुपारच्या उन्हात, तांब्याच्या हंडीतून, खोबरेल आणि धूर आणि पीठ, जणू नुकतीच न्हाऊन चुलीपुढे बसली आहे आणि आता मागे वळून काहीतरी विचारणार आहे. मी काठी धरून वाफेत उभा राहिलो. डोळे उघडे ठेवावे की मिटावे हे मला समजेना. चाचा हंडीच्या पलीकडे उकिडवे बसले होते. ते पाण्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

किती वेळ गेला ठाऊक नाही.

"झालं," ते म्हणाले. "गेलं."

खरेच, त्याच क्षणी गेले होते. वाफेला आता नुसता पाण्याचा आणि ओल्या सुताचा वास होता. त्यांनी उठून माझ्या हातातून काठी घेतली, गोधडी उचलली आणि एकट्यानेच पिळली. मला त्यांनी हात लावू दिला नाही. उन्हात दोरीवर टाकून ते म्हणाले, "वाळेपर्यंत बसा." मी बसलो. ते दुकानात गेले नाहीत. त्या दुपारी दोन गिऱ्हाइके हाका मारून परत गेली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी पुन्हा गोळ्या खाल्ल्या. शकूची नखे मी स्वतः काढली. वार कोणता होता ते सासूबाईंनी विचारले नाही.

त्यानंतरच्या रात्री शकू शांत झोपली. सासूबाईंनी मात्र गाठोडे सोडले नाही. त्यांचा सगळा भरवसा आखाजीवर होता. त्या दिवशी गेलेली माणसे पाणी प्यायला घरी येतात. बाकी कोणत्या रात्री आली नाही तरी लेक त्या रात्री येणार, हे त्यांनी धरून ठेवले होते.

आखाजीला आम्ही तिच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवले. सांजोऱ्या केल्या, त्यातली पहिली तिच्या नावाची काढली. रात्री उकाडा फार होता म्हणून अंगणात अंथरुणे टाकली. शकू मधे, गोधडीवर. एका बाजूला मी, एका बाजूला सासूबाई. आभाळ अगदी खाली आले होते. दीड तास झाला, दोन तास झाले. शकूने एकदा कूस बदलली आणि आम्ही दोघेही एकदम उठून बसलो. तेव्हा मला कळले की त्याही जाग्या आहेत. शकूने तोंडात बोट घातले, काढले, आणि पुन्हा गाढ झोपली. आम्ही तसेच बसून राहिलो, तिच्या दोन बाजूंना. चांदण्या सरकत होत्या. पहाटवारा सुटला तेव्हा तिच्या कपाळावरचे केस हलले, तेवढेच.

उजाडायला लागले.

"आली नाई," सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

"मले वाटलं व्हतं, आज तरी. एवढं पानी भरलं."

"मलाही वाटलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. लेक गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले नव्हते.

"तुमीबी वाट पाहून राह्यले व्हते?"

मी मान हलवली. त्यांनी पदराने डोळे पुसले, मग माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

गाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीवानाने बैलांना चारा टाकला. सासूबाई आत गेल्या आणि गाठोडे घेऊन ओसरीवर आल्या. तिथे बसून त्यांनी त्याची गाठ सोडली. आतून शकूचे दोन परकर काढले, एक झबले काढले, तिची लाकडी बाहुली काढली, आणि एकेक करून कोनाड्यात नीट लावून ठेवले. मग पुन्हा गाठ मारली. गाठोडे एवढेसेच उरले होते.

"अत्तारले माहा सलाम सांगा," त्या म्हणाल्या.

मी शकूला उठवायला वळलो, तर त्यांनी मला हाताने थांबवले.

"राहू द्या, जवाईबापू. झोपू द्या तिले."